नोराच्या हातातली बॅग

१८८० च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्ग शहरात नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'चा प्रयोग झाला. जर्मन रंगभूमीवर हे नाटक 'नोरा' या नावाने आलं होतं. शेवटच्या प्रवेशात नोरा लहानशी बॅग घेऊन घर सोडायला निघते. नवरा टोरवाल्ड हेल्मर तिला बळेच मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो. आत तिन्ही मुलं झोपली आहेत. उद्या ती जागी होऊन आईला हाक मारतील तेव्हा ती आईविना पोरकी झालेली असतील, जशी एकेकाळी तू होतीस, असं तो म्हणतो. नोरा स्वतःशी झगडते. हातातली बॅग गळून पडते. "मी स्वतःशीच पाप करते आहे, पण यांना सोडून मला जाता येत नाही," एवढं म्हणून ती दाराशीच खाली कोसळते, आणि पडदा पडतो.

मूळ नाटकात नोरा जाते. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, २१ डिसेंबर १८७९ रोजी, कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये बेटी हेनिंग्ज या नटीने ती जाणारी नोरा उभी केली होती. त्याआधी ४ डिसेंबरला नाटक पुस्तकरूपाने आलं होतं आणि पहिल्या आवृत्तीच्या ८,००० प्रती महिनाभरात संपल्या होत्या. म्हणजे नाटक कसं संपतं हे लपून राहिलेलं नव्हतं. तरीही फ्लेन्सबुर्गला वेगळाच शेवट झाला, आणि तो लिहिला होता खुद्द इब्सेनने.

नाटकातलं सौंदर्य आणि नीती यांचं नातं काय, हा प्रश्न हवेत धरला की चर्चा लवकरच 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या जुन्या रस्त्याला लागते. फडके-खांडेकरांच्या नावाने मराठीत तो वाद इतका घासला गेला आहे की दोन्ही बाजूंची वाक्यं आपल्याला पाठ आहेत. म्हणून मी एकच प्रकरण घेतलं आहे. यात एक नटी आहे, एक नाटककार आहे, कायद्यातली एक पळवाट आहे, आणि बदललेला मजकूर फार तर दहा ओळींचा आहे. त्या दहा ओळींनी आधीच्या तीन अंकांचं काय केलं, हे पाहायचं आहे.

"हे माझ्या तोंडून येत नाही"

बदल मागितला तो नोराची भूमिका करणाऱ्या हेडविग नीमान-राबे या नामवंत जर्मन नटीने. तिचं म्हणणं एका वाक्याचं होतं: मी माझ्या मुलांना कधीही सोडून गेले नसते. म्हणून मूळ शेवट ती करणार नव्हती.

इब्सेनच्या हातात फारसं काही नव्हतं. लेखकांचे हक्क देशोदेशी राखणारा बर्न करार व्हायला अजून सहा वर्षं होती. जर्मनी आणि स्कँडिनेव्हियन देश यांच्यात साहित्याच्या हक्कांबाबत कुठलाही करार नव्हता. जर्मन भाषेत त्याच्या नाटकाची कुणी कशीही मोडतोड केली तरी त्याला ती रोखता येत नव्हती. विल्हेल्म लांगे या त्याच्या अनुवादकाने कळवलं की शेवट बदललेली आवृत्ती कुणीतरी बाजारात आणेल अशी भीती आहे. दुसऱ्या कुणी हात घालण्यापेक्षा आपणच घालावा असं इब्सेनने ठरवलं आणि पर्यायी शेवट लिहून दिला. त्याच फेब्रुवारीत एका डॅनिश वृत्तपत्राला पत्र लिहून त्याने या बदलाला नाटकावरचा 'रानटी अत्याचार' म्हटलं, आणि जे कुणी हा शेवट वापरतील ते माझ्या इच्छेविरुद्ध वापरतील, असंही बजावलं.

ही गोष्ट बहुतेक वेळा नाटककार धीट आणि नटी भित्री अशी सांगितली जाते. मला ते अन्यायाचं वाटतं. तालमीच्या खोलीत ज्याने वर्षं काढली आहेत त्याला ते वाक्य ओळखीचं आहे: "हे माझ्या तोंडून येत नाही." ते दर वेळी नखरा म्हणून येत नाही. लेखक कागदावर लिहून मोकळा होतो. नटाला ते रोज रात्री स्वतःच्या शरीरातून काढावं लागतं, स्वतःच्या गळ्याने, स्वतःच्या पायांनी दाराबाहेर जाऊन. नीमान-राबेने आपला सदसद्विवेक विंगेत ठेवून रंगमंचावर यायला नकार दिला. हा नकार प्रामाणिक होता आणि त्याला उत्तर द्यायला हवं. 'कला स्वतंत्र आहे' हे उत्तर पुरत नाही, कारण तिने कलेचं स्वातंत्र्य नाकारलंच नव्हतं. नोरा जे करते ते कोणतीही आई करणार नाही, म्हणून ते खोटं आहे, असं ती म्हणत होती. म्हणजे तिची तक्रार नीतीची होती तशीच नाटकाच्या खरेपणाचीही होती.

तिची चूक एका ठिकाणी झाली. 'मी गेले नसते' या वाक्यातला 'मी' तिने नोराच्या जागी ठेवला. या प्रकरणाची गाठ तिथे आहे, आणि ती सोडवायची तर नाटकात परत जावं लागतं.

हेल्मरची अभिरुची

नाटकाचं कथानक थोडक्यात असं. नवऱ्याचा जीव वाचावा, त्याला इटलीला नेता यावं म्हणून नोराने त्याच्या नकळत ४,८०० क्रोनर कर्ज काढलेलं आहे. जामीन म्हणून वडिलांची सही हवी होती, ती तिने स्वतःच केली. वडील २९ सप्टेंबरला वारले आणि सहीखाली तारीख पडली २ ऑक्टोबर. मेलेल्या माणसाने तीन दिवसांनी सही केली, आणि क्रोग्स्टाड या सावकाराच्या ते लक्षात आलं. तो हेल्मरला पत्र लिहितो. पत्र पेटीत पडून राहतं, आणि सबंध तिसरा अंक त्या पेटीच्या सावलीत चालतो.

हे सगळ्यांना आठवतं. चटकन लक्षात येत नाही ते असं की हेल्मर या नाटकातला सौंदर्याचा जाणकार आहे. इब्सेनने ते इतक्या बारीक टाक्यांनी विणलं आहे की सहज वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतं.

तिसऱ्या अंकात नोराची जुनी मैत्रीण मिसेस लिंडे हिचं विणकाम राहिलेलं असतं. हेल्मर तिला सल्ला देतो की विणण्यापेक्षा भरतकाम करा, ते दिसायला कितीतरी छान. भरतकामात हात डौलदार वळणाने फिरतो. विणताना दंड अंगाशी घट्ट आणि सुया खाली-वर, ते कुरूपच दिसतं. दुसऱ्या अंकात मरणाच्या वाटेवर असलेला डॉक्टर रँक नोराला सांगतो की कुरूप गोष्टींची हेल्मरला शिसारी आहे, म्हणून माझ्या आजारपणाच्या खोलीत तो मला नको. पुढे रँकचा निरोप घेणारं, काळ्या क्रॉसचं कार्ड येतं. तेव्हा हेल्मरला काय सुचतं? आपल्या उन्हासारख्या सुखाला त्याचं दुःख आणि एकाकीपण ढगाळ पार्श्वभूमीसारखं होतं. सगळ्यात जवळचा मित्र मरतो आहे आणि हा चित्राची रंगसंगती पाहतो आहे.

आणि मग टारांटेला हा इटालियन लोकनाच. नोरा काप्रीच्या कोळिणीच्या वेशात हा नाच नाचते. दुसऱ्या अंकातल्या तालमीत ती जिवाच्या आकांताने नाचलेली आपण पाहिली आहे, कारण पत्रपेटीकडे हेल्मरचं लक्ष जाऊ द्यायचं नव्हतं. प्रत्यक्ष समारंभातला नाच आपल्याला दिसत नाही, त्यावर फक्त हेल्मरचा शेरा ऐकू येतो: सादरीकरण जरा जास्तच नैसर्गिक झालं, कलेच्या मागण्यांत बसतं त्याहून थोडं अधिक. पण टाळ्या पडल्या. म्हणून त्याने तिला लगेच तिथून हलवलं, थांबली असती तर परिणाम फिका झाला असता. आणि मिसेस लिंडेला तो ऐकवतो की शेवट नेहमी परिणामकारक असायला हवा, पण नोराला हे काही केल्या पटत नाही.

हे वाक्य मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे, आणि अजूनही तिथे आलो की थांबतो. बायको मृत्यूचा विचार मनात घेऊन नाचली आणि नवऱ्याला तिच्या नाचात नैसर्गिकपणा जास्त वाटला! त्याला सुंदर हवं ते आवरलेलं, सजवलेलं, वेळेवर संपणारं. नीतीही त्याला तशीच हवी. पत्र वाचल्यावर तो म्हणतो की आता सुखाचा प्रश्नच उरला नाही, उरलेले तुकडे, देखावा तेवढा वाचवायचा. तू घरात राहशील, पण मुलं मी तुझ्या हाती देणार नाही. थोड्याच वेळात क्रोग्स्टाड कागद परत पाठवतो आणि हेल्मर ओरडतो, "मी वाचलो!" नोरा विचारते, "आणि मी?" तूही, अर्थातच.

आता फ्लेन्सबुर्गच्या त्या दहा ओळी परत वाचा. ज्याने काही वेळापूर्वी मुलं तिच्याकडून काढून घेतली, तोच तिला ओढून मुलांच्या दाराशी नेतो आणि मुलांच्या नावाने थांबवतो. मुलं त्याच्या हातातली वस्तू झाली आहेत, आधी शिक्षा म्हणून, मग बेडी म्हणून. आणि नाटक त्याला जिंकू देतं. प्रेक्षक रुमाल डोळ्यांना लावून उठतो, घर शाबूत राहिलं, आई आईच राहिली. परिणामकारक शेवट! हेल्मरला हवा होता अगदी तसा. बदल मागणाऱ्यांनी नीतीची बाजू घेतली असं त्यांना वाटलं. त्यांनी घेतली ती हेल्मरची बाजू, त्याच्या अभिरुचीसकट.

दाईची मुलगी

पण मग मुलांचं काय? नीमान-राबेचा प्रश्न अजून उभा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच एक लहानसा प्रवेश आहे. वेळ वाचवायला कात्री लावायची ठरली की दिग्दर्शकाचा हात आधी तिथेच जातो. नोराची म्हातारी दाई, अॅन-मारी, पोशाखाची पेटी घेऊन येते. नोरा तिला विचारते, तुझं स्वतःचं मूल परक्यांच्या हाती द्यायला तुला धीर कसा झाला? दाई सांगते, छोट्या नोराला सांभाळायला यायचं होतं, द्यावंच लागलं. फसवल्या गेलेल्या गरीब पोरीला एवढी चांगली जागा मिळत असेल तर तिने आनंदच मानायचा. त्या दुष्टाने तर काहीच केलं नाही. मग मुलगी तुला विसरली असेल? नाही, विसरली नाही. धर्मदीक्षा झाली तेव्हा पत्र पाठवलं, लग्न झालं तेव्हाही पाठवलं.

दोन पत्रं! एका आईच्या वाट्याला तिच्या लेकीचं एवढंच आयुष्य आलं. नोराला आई नव्हती, तिला याच बाईने वाढवलं, स्वतःची लेक दूर ठेवून. 'कोणतीही आई मूल सोडत नाही' असं म्हणणाऱ्या जगात हा प्रवेश मुकाट्याने एक आई समोर आणतो. तिने मूल सोडलं आणि त्यासाठी कुणी तिला दोष दिला नाही, कारण ती गरीब होती आणि तिच्या सोडण्याने एका बऱ्या घराची सोय झाली. आणि जाताना आपल्या मुलांना नोरा कुणाच्या भरवशावर सोडते? याच अॅन-मारीच्या. नोरा तिसऱ्या अंकात म्हणते, मुलं माझ्यापेक्षा चांगल्या हातांत आहेत.

म्हणजे मुलांचा प्रश्न नाटकाने विसरलेला नाही. पहिल्या अंकात हेल्मर सांगतो की लहान वयात बिघडलेल्या बहुतेकांच्या आया खोटारड्या असतात, आणि त्या क्षणापासून नोरा मुलांना जवळ घ्यायला घाबरते. ती जाते त्यात हीदेखील भीती आहे: मला अजून कुणाला वाढवता येत नाही, आधी मला स्वतःला वाढवायला हवं. हे बरोबर की चूक, त्यावर भांडता येईल. पण ते नोराचं आहे, तीन अंक तिच्या आत साचत आलेलं. दाराशी गळून पडणारी बॅग मात्र कुठूनच आलेली नाही.

आपल्या काव्यशास्त्रात यासाठी नेमका शब्द आहे, औचित्य. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त म्हटलं आहे, 'अनौचित्यादृते नान्यद् रसभङ्गस्य कारणम्', अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरं कारण नाही. मला या शब्दाचं मोल फार वाटतं, कारण यात शोभणं आणि योग्य असणं एकाच जागी राहतात. रोजच्या बोलण्यातही 'हे तुला शोभत नाही' म्हणताना आपण दिसण्याबद्दल बोलतो की वागण्याबद्दल, हे वेगळं काढता येत नाही. आनंदवर्धनाला अभिप्रेत असलेलं औचित्य पात्राच्या प्रकृतीशी बांधलेलं आहे: हे पात्र, या घडीला, हे करेल का? नटीने लावलेली कसोटी औचित्याचीच होती, फक्त तिने ती नोराऐवजी स्वतःला लावून पाहिली. नोराला लावली की उत्तर उलटं येतं.

कवी-समीक्षक बा. सी. मर्ढेकरांच्या भाषेत, कलाकृतीच्या घटकांमधल्या संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या अंगानेही पाहता येतं. मिसेस लिंडे नाटकात येते ती रिकाम्या आयुष्यातून. तिला कुणीतरी सांभाळायला हवं आहे, आणि शेवटी ती क्रोग्स्टाडच्या पोरक्या मुलांच्या घरात शिरते. नोरा भरल्या घरातून निघते आणि रिकाम्या रस्त्यावर जाते. एक बाई आत, एक बाई बाहेर. नोराला घरातच बसवलं की हा तोल एका बाजूला कलंडतो आणि लिंडेची सगळी गोष्ट निरर्थक लोंबकळत राहते. मी हे दोन्ही शेवट एका बैठकीत पाठोपाठ मोठ्याने वाचून पाहिले आहेत. बदललेला शेवट वाचताना डोळ्यांत पाणी येतं, हे मला मान्य करावं लागेल. पण नंतर पहिला अंक उघडला की तो खोटा वाटू लागतो, आणि नोरा एक हट्टी बाई, जिला रात्रीतून शहाणपण आलं. मूळ शेवटानंतर तोच पहिला अंक उघडला तर तिच्या प्रत्येक गिरकीत दडवलेलं काहीतरी दिसू लागतं.

एक गोष्ट मात्र इब्सेनच्या बाजूने नोंदवायला हवी. मोडतोड करतानाही त्याने 'मी स्वतःशीच पाप करते आहे' हे वाक्य आत ठेवलं. नोरा थांबते, पण थांबणं पुण्याचं आहे असं म्हणायला त्याने तिला लावलं नाही.

जे मिटत नाही

मूळ शेवट सुंदर आहे म्हणून सगळं निर्दोष ठरतं, असंही मी म्हणणार नाही.

नोरामागे एक खरी बाई होती, लॉरा कीलर. इब्सेन तिला ओळखत होता आणि लाडाने चंडोल म्हणत असे. नाटकात हेल्मर नोराला याच पक्ष्याच्या नावाने हाक मारतो. लॉरानेही क्षयी नवऱ्याला इटलीला नेण्यासाठी गुपचूप कर्ज काढलं होतं. ते फेडण्यासाठी तिने हस्तलिखित पाठवून इब्सेनकडे शिफारस मागितली, त्याने ती दिली नाही. पुढे तिने खोटा कागद केला, ते उघडकीला आलं, नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं, मुलं तिच्यापासून तोडली. दोन वर्षांनी ती त्याच घरात परतली. लोक तिला नोरा म्हणून ओळखू लागले आणि ते तिला आयुष्यभर सोसावं लागलं.

म्हणजे खऱ्या आयुष्याचा शेवट फ्लेन्सबुर्गच्या शेवटाच्या जवळ जाणारा झाला. वस्तुस्थितीला धरून राहायचं तर नीमान-राबेचा शेवट अधिक खरा म्हणावा लागेल! पण नाटकाचा खरेपणा घडलेल्या गोष्टीच्या नकलेवर चालत नाही, नाहीतर इस्पितळही रंगमंचावर आणावं लागलं असतं. हे मला पटतं. तरीही, एका जित्या बाईच्या अपमानातून इतकी देखणी रचना उभी राहिली आणि त्या बाईला त्यातून काहीही मिळालं नाही, हे डाचत राहतं. रचनेच्या सौंदर्याने ते ऋण फिटत नाही. नाटकाच्या आतली नीती आणि नाटक लिहिण्याची नीती या दोन गोष्टी आहेत, आणि पहिलीत इब्सेन जितका कठोर होता तितका दुसरीत नव्हता, असं माझं मत आहे.

आणि ती मुलं. मूळ शेवटात खालच्या मजल्यावरून जड दरवाजा बंद झाल्याचा आवाज येतो, एवढीच रंगसूचना आहे. दरवाजा खोलीचा नाही, रस्त्याकडचा आहे, म्हणून आवाजाला यायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात हेल्मर एकटा उरलेला असतो, क्षणभर त्याच्या मनात आशा चमकते, आणि मग तो आवाज. त्यात सगळं सामावतं, फक्त मुलांच्या खोलीतून काही ऐकू येत नाही. चांगला दिग्दर्शक तो वेळ घाईने भरून काढत नाही. तीन मुलं आत झोपली आहेत हे प्रेक्षकाला त्या शांततेत आठवायला हवं. नोराला माफ करायचं की नाही, हे इब्सेनने आपल्यावर सोडलं आहे, आणि आवाज जितका नेमका येईल तितकं ते जड जातं.

बदललेला शेवट टिकला नाही. म्युनिकने १८८० च्या मार्चमध्येच मूळ शेवटासह प्रयोग केला. इंग्लंडमध्ये १८८४ साली एक गुळचट रूपांतर आलं. १८८९ साली लंडनमध्ये जॅनेट अचर्चने मूळ नोरा केली. आणि हेडविग नीमान-राबे? हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन, बर्लिन अशा शहरांत तिने तो शेवट करून पाहिला. तो रंगला नाही. पुढे तिने तो सोडला आणि मूळ शेवट घेतला. 'मी माझ्या मुलांना कधीही सोडून गेले नसते' असं म्हणणारी तीच नटी या वेळी बॅग हातात घट्ट धरून दाराबाहेर गेली.